आधी अर्ज, मग करवत!
शहरातल्या खासगी झाडांच्या नियमांतल्या १६ भन्नाट गोष्टी

जागा स्वतःची, रोप स्वतः लावलेलं, पाणी स्वतः घातलेलं. मग झाड तोडायला महापालिकेची परवानगी कशाला? सोसायटीच्या सभेत हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं उत्तर सोपं आहे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मालकाच्या नावावर असतं, पण सावली, गारवा आणि पाखरं कुणाच्याच नावावर नसतात. त्यांचा उपभोग सगळी गल्ली घेते. म्हणून झाड तोडताना गल्लीलाही बोलता यावं, अशी सोय कायद्याने करून ठेवली आहे. ती नेमकी काय आहे, हे बघताना हाती लागलेल्या या मजेदार गोष्टी.

१. कायद्याने पन्नाशी ओलांडली!

या कायद्याचं पूर्ण नाव ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’. तेव्हा पर्यावरण हा शब्द वर्तमानपत्रांत रोज दिसत नव्हता. देशाचा पर्यावरण संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, म्हणजे आपल्या शहरांतली झाडं त्याच्या अकरा वर्षं आधीच कायद्याच्या छायेत आली होती. या कायद्यानुसार महापालिका आणि नगरपालिकांमध्ये ‘वृक्ष प्राधिकरण’ असतं. रोजचं काम ‘वृक्ष अधिकारी’ बघतो. मुंबईकराला परवानगीसाठी आपल्या वॉर्ड ऑफिसातलं उद्यान खातं गाठावं लागतं.

२. मुंबईची निम्म्याहून जास्त झाडं कंपाउंडच्या आत

मुंबई महापालिकेच्या वृक्षगणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यांतली जवळपास १५ लाख ६३ हजार खासगी आवारांत निघाली. सुमारे ११ लाख २५ हजार सरकारी आवारांत आणि एक लाखाच्या आसपास उद्यानांत. रस्त्याच्या कडेची झाडं आपल्याला सगळ्यात जास्त दिसतात, पण ती जेमतेम १ लाख ८५ हजार! म्हणजे मुंबईचा हिरवा रंग मुख्यतः सोसायट्या, बंगले, चाळी, शाळा आणि कारखाने यांच्या भिंतीआड आहे. खासगी झाडांना नियमातून वगळलं, तर शहराची अर्धी हिरवाई वाऱ्यावर पडेल.

३. करवत न लावताही ‘तोड’ होते

कायद्याच्या व्याख्येत झाड तोडण्यामध्ये ते जाळणं आणि कापणं तर येतंच, शिवाय त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. बुंध्याला भोक पाडून ॲसिड ओतलं, मुळांशी कचरा पेटवला किंवा खोडाभोवतीची साल गोल सोलून काढली, तरी तो गुन्हाच. साल सोलण्याचा प्रकार फार लबाडीचा असतो. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत उतरतं. तो थर पूर्ण वर्तुळात तोडला, की मुळं उपाशी पडतात. झाड काही महिने हिरवं दिसतं आणि मग उभ्या उभ्या वाळतं. ‘आपोआप मेलं’ म्हणणाऱ्यांना कायद्याने ही पळवाट ठेवलेली नाही.

४. शहरात झाडाचं कूळ कुणी विचारत नाही

गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. दोघेही शहरात इतके रुळले, की त्यांच्याशिवाय मुंबई-पुण्याचा उन्हाळा डोळ्यांपुढे येत नाही. शहरी कायदा त्यांना वड-पिंपळाच्याच पंक्तीला बसवतो. परवानगी सगळ्यांसाठी लागते.

गावाकडे गणित वेगळं आहे. तिथे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो आणि त्याला ठरावीक झाडांची यादी जोडलेली आहे. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, खैर, चंदन, जांभूळ ही त्यांतली ओळखीची नावं. शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावर उभं असलं, तरी यादीतलं झाड परवानगीवाचून पाडता येत नाही.

५. अर्जात झाडाची कुंडली

अर्ज लेखी करायचा असतो. झाड कोणतं, कुठे आहे आणि का तोडायचं आहे, हे सांगावं लागतं. सोबत जागेचा नकाशा जोडून त्यावर झाडाची जागा दाखवावी लागते. मग अधिकारी प्रत्यक्ष येऊन बघतो. ‘पानांचा कचरा होतो’ हे कारण आणि ‘खोड पोखरलंय, शाळेच्या दारावर कललंय’ हे कारण, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो जागेवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कित्येकदा पाहणीनंतर लक्षात येतं, की झाड पाडायची गरजच नाही, दोन जड फांद्या उतरवल्या तरी भागेल. झाड पडण्याच्या बेतात असेल, तर मात्र वृक्ष अधिकाऱ्याला तातडीने निर्णय घेता येतो. माणसाच्या जिवापुढे कागद आडवा येऊ नये, एवढं भान कायद्याला आहे.

६. नोटीस चक्क झाडालाच!

नव्या माणसाला चकित करणारा नियम हाच. झाड तोडण्याचा प्रस्ताव असेल, तर त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यायची आणि त्या झाडावरही ठळक दिसेल अशी लावायची. रोज त्या सावलीत गाडी लावणारा, तिथे भाजीची पाटी मांडणारी मावशी, खिडकीतून ते झाड बघत मोठी झालेली मुलगी, या सगळ्यांना कळावं म्हणून हा खटाटोप. आणि नुसतं कळण्यावर गोष्ट थांबत नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीत कुणीही नागरिक लेखी हरकत घेऊ शकतो. त्यासाठी त्या इमारतीत फ्लॅट असण्याची अट नाही.

७. परवानगीनंतरही पंधरा दिवस थांबा

परवानगीचा कागद हातात पडला, की लगेच माणसं बोलावता येत नाहीत. मधे १५ दिवस जाऊ द्यावे लागतात. कुणाला दाद मागायची असेल, तर ती झाड उभं असतानाच मागता यावी, हा त्यामागचा हेतू.

हे दिवस किती मोलाचे असतात, ते ऑक्टोबर २०१९ मध्ये अख्ख्या मुंबईने पाहिलं. आरेतली मेट्रो कारशेडची जागा सरकारी होती, पण वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीचा कायदा हाच. पंधरा दिवस पुरे झाले की नाही, यावरही तेव्हा वाद झाला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने सुट्टी असूनही ७ ऑक्टोबरला विशेष सुनावणी घेतली आणि तोड थांबवली. तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. इतर निकालांवर अपिलात पुन्हा हिशेब होऊ शकतो, पडलेलं झाड मात्र कोणतंही न्यायालय उभं करू शकत नाही.

८. पन्नाशीचं झाड ‘हेरिटेज’

जुनी हवेली, जुना पूल किंवा जुनं स्टेशन यांना वारसा मानायची आपल्याला सवय आहे. २०२१ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं वा त्याहून जास्त वयाच्या झाडालाही ‘हेरिटेज वृक्ष’ हा मान मिळाला. ते राजवाड्याच्या बागेत आहे की चाळीच्या मागच्या बोळात, याने काही बिघडत नाही. आजोबांनी घर बांधताना लावलेला आंबा आज बहुधा या यादीत बसतो. याच दुरुस्तीने मोठ्या प्रकल्पांनाही एक पायरी वाढवली. २०० किंवा त्याहून जास्त झाडांचा प्रश्न असेल, तर प्रस्ताव राज्य पातळीवरच्या वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवायचं तेव्हा ठरलं.

९. जेवढं वय, तेवढी झाडं!

ही त्या दुरुस्तीतली सगळ्यात धारदार तरतूद. ‘एका झाडाच्या बदल्यात एक रोप’ हा हिशेब तोकडा आहे, हे उघडच होतं. साठ वर्षांचा वड पाडायचा आणि वीतभर रोप खोचून मोकळं व्हायचं, याला भरपाई कोण म्हणेल? आता जितक्या वर्षांचं झाड पाडाल, तितकी झाडं लावायची. साठ वर्षांच्या झाडाला साठ झाडं! रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग करायचं आणि सात वर्षं ती जगवायची. लावताना फोटो काढणं पाच मिनिटांचं काम. सात उन्हाळे पाणी घालणं ही खरी परीक्षा, आणि नियमाने नेमकं तिथेच बोट ठेवलं आहे.

१०. वय ओळखायचं कसं?

खोडातली वर्तुळं मोजून वय काढतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पण वर्तुळं दिसायला झाड कापावं लागतं, आणि इथे तर कापायचं की नाही हेच ठरायचं असतं! म्हणून बुंध्याचा घेर साधारण छातीच्या उंचीवर टेपने मोजतात आणि त्या जातीच्या वाढीच्या वेगावरून वयाचा अंदाज बांधतात. शेवगा झपाट्याने वाढतो, चिंच रमतगमत. त्यामुळे सारख्याच घेराच्या दोन झाडांच्या वयांत दशकांचं अंतर असू शकतं. वडाच्या पारंब्याच खोड होऊन बसतात, तेव्हा टेप कुठे गुंडाळायची हाही पेच. नारळ, ताड, सुपारी तर या हिशेबाला जुमानतच नाहीत. त्यांचं खोड वर्षागणिक जाड होत नाही, फक्त उंच होत जातं.

११. गोव्यात नारळाचं ‘झाडपण’ गेलं आणि परत आलं

गोव्याचा वृक्षसंरक्षण कायदा १९८४ चा. २०१६ मध्ये तिथे कायदा बदलला आणि नारळ संरक्षित झाडांतून वगळला गेला. नारळाला फांद्या नसतात, मग तो कायद्याच्या व्याख्येत झाड कसा ठरेल, असा युक्तिवाद झाला. वनस्पतिशास्त्र सांगतं, की नारळ गवत आणि बांबूप्रमाणेच एकदल वनस्पती आहे. पण गोव्याच्या कुळागरात, स्वयंपाकघरात आणि देवघरात वाढलेल्या माणसांना हे पटेना. नारळ तोडायला परवानगी नको म्हणजे माडांच्या बागांच्या जागी इमारती उभ्या राहणार, ही भीती त्यांना दिसत होती. लोकांनी आवाज उठवला. २०१७ मध्ये नारळाचं संरक्षण परत आलं आणि त्याला राज्यवृक्षाचा मानही मिळाला. पुढच्याच वर्षी माड वगळलेल्या यादीतून थेट सिंहासनावर!

१२. पाच हजारांवरून एक लाख

महाराष्ट्राच्या शहरी कायद्यात बेकायदा तोडीसाठी दंडाची कमाल मर्यादा बरीच वर्षं ५,००० रुपये होती. कोट्यवधींच्या बांधकामात ही रक्कम कुणाच्या खिजगणतीतही येत नसे. २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा झाडामागे एक लाखापर्यंत नेली. शिवाय प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा. दहा झाडं तोडून ‘एकच चूक झाली’ म्हणता येत नाही.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने खणखणीत निकाल दिला. ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात, मथुरा-वृंदावन परिसरात, परवानगीशिवाय ४५४ झाडं तोडली गेली होती आणि त्यांतली बहुतेक खासगी जमिनीवर होती. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने झाडामागे एक लाख रुपयांचा दंड कायम केला. ४५४ झाडं, साडेचार कोटींहून जास्त रक्कम! एवढं हिरवं आच्छादन पुन्हा उभं राहायला किमान शंभर वर्षं लागतील, असंही न्यायालयाने नोंदवलं.

१३. खारफुटीला मालकी अडवत नाही

 न्या. ओक मुंबई उच्च न्यायालयात असताना सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांच्या खंडपीठाने खारफुटीबद्दल महत्त्वाचा निकाल दिला. खारफुटी नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याआधी याच न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानेच जमीन कुणाच्याही मालकीची असो, खारफुटी आणि तिच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टा बांधकामापासून राखायचं ठरलं होतं. भरतीचं पाणी थोपवणारी ही झाडं एखाद्याच्या कुंपणात असली, तरी ती वाचवतात अख्ख्या किनाऱ्याला.

१४. कायदा झाडं मोजतो, लावायला सांगतो आणि फुलंही दाखवतो

हा कायदा फक्त ‘तोडू नका’ म्हणून थांबत नाही. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणं हे वृक्ष प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. तुमच्या जागेत पुरेशी झाडं नाहीत असं दिसलं, तर म्हणणं ऐकून घेऊन ती लावायला सांगण्याचा अधिकारही त्याला आहे. आणि दरवर्षी फुलाफळांचं, झाडांचं प्रदर्शन भरवणं हेसुद्धा कायद्याने नेमून दिलेलं काम! भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुलांना खांद्यावर घेऊन जो पुष्पोत्सव आपण बघतो, त्याचं मूळ इतक्या गंभीर कायद्यात आहे.

१५. झाडावर भाडेकरू आहेत का, ते बघा

पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटण्याची धांदल उडते आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेक पक्ष्यांची वीण चालू असते. पर्जन्यवृक्षावर बगळ्यांची वसाहत असेल, तर एका फांदीबरोबर डझनभर पिल्लं खाली येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना इजा करणं शिकारीच्या व्याख्येत येतं. म्हणून छाटणीची परवानगी हातात असली, तरी आधी वर बघायचं. घरटी दिसली, तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्यायची.

आणि वर बघून झालं, की खालीही बघा. बुंध्याला चिकटून सिमेंट ओतलं, की पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोचत नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या तरुणांच्या गटाने झाडांत ठोकलेले खिळे उपटून काढायची मोहीमच सुरू केली. पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती मातीचं आळं ठेवायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

१६. परदेशी बंगला, तिथेही अर्ज

लंडनच्या उपनगरात बागेसकट घर घेतलेल्या मराठी कुटुंबालाही सुटका नाही. ब्रिटनमध्ये एकेका झाडासाठी स्वतंत्र संरक्षण आदेश निघू शकतो. संवर्धन क्षेत्रात तर दीड मीटर उंचीवर ज्याची जाडी साडेसात सेंटिमीटरहून जास्त आहे, असं झाड तोडायच्या सहा आठवडे आधी कळवावं लागतं. सिंगापूरने काही भाग वृक्षसंवर्धन क्षेत्रं म्हणून जाहीर केले आहेत. तिथे एक मीटरहून जास्त घेराचं झाड खासगी जागेतही मंजुरीवाचून हलवता येत नाही. लॉस एंजेलिसमध्ये ओक, सिकॅमोर, अक्रोड अशी स्थानिक झाडं संरक्षित आहेत. २०२१ मध्ये त्या यादीत दोन स्थानिक झुडपंही आली.

आपल्याकडे हा विचार परदेशातून आला, असं मात्र समजू नका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहेत. रयतेच्या आंबा-फणसांना हात लावायचा नाही. झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून आणि मोबदला देऊन ते घ्यायचं. तेव्हा सत्तेला रयतेची परवानगी घ्यावी लागे, आज मालकाला शहराची घ्यावी लागते. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे: ज्याचं नुकसान होणार, त्याला विचारल्याशिवाय झाड पडता कामा नये.

हे तत्त्व कागदावर कितीही भक्कम असलं, तरी ते चालतं नागरिकांच्या जोरावर. म्हणून चार कामं आजपासून करू या. सोसायटीच्या झाडांची यादी करून बुंध्याचे घेर मोजून ठेवा, पन्नाशीची झाडं ओळखा. छाटणी असो वा तोड, आधी वॉर्डाच्या उद्यान खात्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. कुणी झाड तोडताना दिसलं, तर परवानगीचा कागद बघायला मागा, तो नसेल तर महापालिकेला आणि पोलिसांना कळवा. आणि एखाद्या बुंध्यावर नोटीस दिसली, तर पुढे निघून जाऊ नका. ती वाचा, मुदत बघा, पटत नसेल तर दोन ओळींची लेखी हरकत त्याच आठवड्यात देऊन या. झाडाला सुनावणीला हजर राहता येत नाही, आपल्याला येतं.